वेळेच्या खुणांची दोन लिटरची बाटली: भांडं बरं, घड्याळ खोटं

पारदर्शक प्लास्टिकची दोन लिटरची बाटली. अंगावर सकाळी 7 पासून रात्री 9 पर्यंत दर दोन तासांची रेघ (त्या वेळेपर्यंत पाणी कुठवर संपावं, याची खूण), रेघेशेजारी 'चालू ठेवा', 'थोडंच उरलं' अशी शाबासकी, वर बोटाने उघडणारी तोटी आणि आत तळापर्यंत जाणारी नळी. अनेक कंपन्या हा माल जवळजवळ एकाच साच्यातून काढतात. म्हणून हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नाही, या प्रकाराचं आहे.

आधी रेघांबद्दल, कारण बाटली त्यांच्याच जोरावर विकली जाते. मापाच्या रेघा खऱ्या आहेत का, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाच मिनिटांत कळतं. रिकामी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि एकेका रेघेपर्यंत पाणी भरत जा. 1 मिली पाणी म्हणजे 1 ग्रॅम, एवढं धरलं की पुरे. बाटलीला मधोमध पकडायची खाच असेल तर तिथे पोट अरुंद होतं. त्या भागात सारखंच पाणी मावायला रेघांमधलं अंतर वाढायला हवं. तिथेही रेघा समान अंतरावर छापल्या असतील, तर त्या मोजून नाही, शोभेसाठी छापल्यात असं समजा. 'दोन लिटर' हे माप काठोकाठचं आहे की वरच्या रेघेपर्यंतचं, तेही याच वेळी पाहून घ्या. काठोकाठचं असेल तर झाकण लावताना थोडं पाणी सांडणारच.

खरी तक्रार मात्र वेळेबद्दल, म्हणजे ठरल्या वेळी दोन लिटर संपवायच्या आग्रहाबद्दल आहे. दोन लिटर प्रत्येकाने प्यायलाच हवं, असा कुठलाही नियम नाही. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने 1945 मध्ये दिवसाला अडीच लिटरचा आकडा दिला. त्यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं, हेही तिथेच लिहिलं होतं. आकडा लोकांच्या लक्षात राहिला, पुढचं वाक्य गळालं. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी 2 लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हे प्रमाण ठरवलं, तेही अन्न आणि सगळी पेयं धरून. साधारण पाचवा हिस्सा अन्नातून येतो असं धरलं, तर पिण्यासाठी स्त्रियांना 1.6 लिटरच्या आणि पुरुषांना 2 लिटरच्या आसपास उरतं. चहा, कॉफी, दूध, ताक हे सगळं त्यात मोजायचं. थोडक्यात, सावलीत बसून काम करणाऱ्याला चहा-दूध पिऊन वर अख्खी बाटली संपवायची गरज सहसा नसते. उलट कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याला तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम येऊ शकतो. त्याला ही बाटली दुपारपर्यंतही पुरणार नाही, आणि रेघा मात्र 'छान चाललंय' म्हणत राहतील.

रेघ चुकली म्हणून घटाघटा पिणं ही या बाटलीची सगळ्यात वाईट सवय. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण 800 मिली ते 1 लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त पाणी सतत आत गेलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होऊ लागतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि प्रकरण झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलेल्यांना, हा धोका अधिक होता. म्हणून संध्याकाळी 7 वाजता बाटलीत लिटरभर उरलं असेल तर ते उरू द्या. झोपायच्या तोंडावर 'कोटा' पूर्ण केला, तर रात्री दोनदा उठावं लागतं, एवढंच काय ते पदरात पडतं.

रेघेपेक्षा भरवशाची खूण म्हणजे लघवीचा रंग. फिकट पिवळा ठीक, गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय. दिवसभर अगदी पाण्यासारखी रंगहीन राहिली तर हात आखडता घ्या. सकाळची पहिली लघवी गडद असतेच, ती धरू नका. बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग भडक पिवळा येतो, तेव्हा ही खूण कामाची नाही. व्यायामासाठी याहून नेमका हिशेब आहे. आधी आणि नंतर वजन करा. 1 किलो घटलं म्हणजे साधारण 1 लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. वयस्कांना मात्र तहान उशिरा आणि कमी लागते. तहानेवर विसंबून त्यांचं भागत नाही, तिथे या रेघा खरोखर उपयोगी पडतात.

आणखी दोन प्रकारच्या लोकांना ही बाटली अगदी हवीच. मुतखडा पुन्हा पुन्हा होणाऱ्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. म्हणजे बाटली एकदा भरून भागत नाही, दुसऱ्यांदा निम्म्याहून जास्त भरावी लागते. दुसरे, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेले. त्यांनी बाटली उलट्या हेतूने वापरावी. ठरलेलं माप सकाळीच भरायचं, चहा किंवा आमटी घेतली की तेवढं पाणी ओतून टाकायचं, आणि बाटली संपली की दिवस संपला. जाहिरातीत हा उपयोग कुणी दाखवत नाही.

आता झाकण. बाटल्या बहुतेक झाकणापायीच टाकून दिल्या जातात. नळीने पाणी ओढताना आत तेवढीच हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र आणि त्यावर एकाच दिशेने उघडणारा सिलिकॉनचा पडदा असतो. तो चिकटला किंवा धुताना उलटा बसला, तर नळी ओढून गाल दुखतात. अर्धी भरलेली गार बाटली उन्हात किंवा बंद गाडीत राहिली, की आतली हवा फुगते आणि तोटी उघडताच पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर येते. विमानातही हेच होतं. उपाय सोपा आहे: तोटी उघडण्याआधी झाकण थोडं सैल करून हवा सोडा.

गळतीची चाचणी अशी करा. बाटली भरून बाहेरून पूर्ण कोरडी पुसा आणि कोरड्या कागदावर दहा मिनिटं आडवी, मग दहा मिनिटं उलटी ठेवा. पाणी आट्यांमधून पाझरलं तर वॉशर पिळलेला, उलटा बसलेला किंवा धुताना सिंकमध्येच राहिलेला असतो. तोटीतून आलं तर झाकणाची रचनाच कच्ची आहे, त्याला घरी इलाज नाही.

नळीतून पिताना तोंडातली लाळ थोडी मागे जाते, म्हणून नुसतं पाणीच भरलं तरी दोन-तीन दिवसांत आत बुळबुळीत थर धरतो. रोज झाकण, तोटी, नळी, वॉशर सुटे करून साबणाने घासायचे आणि सुटेच वाळवायचे. ओली बाटली झाकण लावून ठेवली की कुबट वास आलाच. आठवड्यातून एकदा अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून भाग अर्धा तास भिजवा आणि नळी बारीक ब्रशने घासा. जड पाण्याचा पांढरा थर सोड्याने जात नाही. त्यासाठी एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, अर्धा तास. ब्लीच वापरायचंच असेल तर व्हिनेगरच्या जवळपासही नेऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. वॉशरच्या खाचेत काळी बुरशी मुरली असेल तर घासत बसू नका, वॉशर बदला.

प्लास्टिक ट्रायटन या प्रकारचं असेल तर चांगलं, त्यात बिस्फेनॉल-ए (शरीरातल्या संप्रेरकांत ढवळाढवळ करू शकणारं रसायन) नसतं. पण तळाच्या त्रिकोणातल्या (प्लास्टिकचा प्रकार सांगणाऱ्या) 7 या आकड्यावरून काही ठरवू नका. 7 म्हणजे 'इतर', आणि बिस्फेनॉल-ए असलेलं पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिकही त्याच घरात बसतं. उकळतं पाणी कशातच ओतू नका, झाकणं वाकडी होतात.

दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली पाणी गार ठेवते आणि वास धरत नाही, पण आत किती उरलंय ते दिसत नाही. तिच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी शाबूत आहे का, हे गरम पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावून कळतं. अंग कोमट लागलं तर ती आता साधी बाटलीच. तिला ब्लीच लावू नका, क्लोराइडने स्टीलवर बारीक खड्डे पडतात.

दोन लिटर भरलेली बाटली सव्वादोन किलोच्या पुढे जाते, त्यामुळे टेबलावर ठेवायला ठीक, खांद्याला लावून फिरायला नाही. रोज बाहेर पडणाऱ्याने एक लिटरची, हात आत जाईल इतक्या रुंद तोंडाची, बिननळीची पारदर्शक बाटली घ्यावी आणि ती दोनदा भरावी. नळीवालीच हवी असेल तर वॉशर आणि नळी सुटी विकत मिळते का, एवढं आधी विचारा. मिळत नसेल, तर पहिला वॉशर फाटेल त्या दिवशी अख्खी बाटली कचऱ्यात जाईल.