कूलंट बदलताना प्रीमिक्स की कॉन्सन्ट्रेट?

कूलिंग सिस्टीम स्वतः धुऊन काढायचं ठरवलं की प्रश्न उरतो तो आत काय भरायचं याचा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचंच कूलंट घ्यायचं, रंगावर विसंबायचं नाही, इंजिन गरम असताना प्रेशर कॅपला हात लावायचा नाही, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. अडतं ते पुढे. ५०-५० मिसळलेलं तयार प्रीमिक्स घ्यावं, की कॉन्सन्ट्रेट घेऊन डिस्टिल्ड वॉटर आपण घालावं? मी एकाच गाडीत दोन्ही करून पाहिलंय.

पहिल्या खेपेला प्रीमिक्स घेतलं. त्यात मापाची कटकट नाही, आणि पाण्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसेल ही धास्तीही नाही. मी अगदी निर्धास्तपणे ओतलं. एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, काढला, हीटरमधून गरम हवा आली, पंखा दोनदा फिरून थांबला. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सहज रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे कूलंटचा गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणावर, थेंब टाकला, तर गोठणबिंदू उणे १५ च्या आसपास! ५०-५० मिश्रण उणे ३७ दाखवायला हवं होतं.

कॅनमध्ये काही खोट नव्हती. माझ्या गाडीची सिस्टीम ६ लिटरची आहे. रेडिएटरचा ड्रेन प्लग उघडला की बाहेर येतं साडेतीन लिटर, उरलेलं अडीच लिटर इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटर कोअरमध्ये (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) तसंच राहतं. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने केलेलं, म्हणजे ते अडीच लिटर निव्वळ पाणी. त्यावर साडेतीन लिटर प्रीमिक्स घातलं तर त्यात मूळ कूलंट पावणेदोन लिटरच, आणि सहा लिटरात ते झालं २९ टक्के. गोठायची भीती नसेल तिथेही हे चालत नाही, कारण गंजरोधक रसायनं कूलंटमध्येच असतात, तीही तितकीच पातळ होतात.

मग प्रीमिक्सनेच दुरुस्त करायला बसलो. पुन्हा निचरा, पुन्हा भरणा. हिशेबाने दुसऱ्या वेळी ४१ टक्के होतात, तिसऱ्या वेळी ४६. दर वेळी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन तापवायचं, मग पूर्ण थंड व्हायची वाट बघायची. त्याशिवाय ब्लॉकमधलं पाणी नव्याशी मिसळतच नाही. शिवाय दर फेरीला साडेतीन लिटर चांगलं कूलंट बादलीत जातं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, त्यामुळे पोरं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून ते जपून ठेवायचं, गटारात ओतायचं नाही. तो शनिवार त्यातच गेला, आणि माझं मन तिथेच फिरलं.

पुढच्या खेपेला कॉन्सन्ट्रेट घेतलं. गणित एकच: एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी घालायचं, मग जागा उरेल तितकं डिस्टिल्ड वॉटर. माझ्या गाडीत ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि अर्धा लिटर पाणी. आत अडकलेलं अडीच लिटर पाणी आपोआप हिशेबात बसलं. हीटर पूर्ण चालू ठेवून गाडी फिरवली, थंड झाल्यावर मोजलं, तर उणे ३५. एकाच भरण्यात.

त्यालाही काळजी लागतेच. क्षमतेचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा, अंदाजाने नको. निचरा किती झाला ते बादलीत मोजावं. ‘थोडं जास्त घातलं तर बरंच’ हा मोह टाळावा, कारण कूलंटमधला मुख्य घटक ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, आणि निव्वळ ग्लायकॉल तर उणे १३ च्या आसपासच गोठतं. रिझर्व्ह टाकीत मात्र वेगळ्या भांड्यात ५०-५० करूनच घालावं.

तुमच्या इंजिनाच्या ब्लॉकला ड्रेन प्लग असेल आणि हात पोचत असेल, तर सिस्टीम बरीचशी रिकामी होते, मग प्रीमिक्समध्ये फारसं बिघडायचं नाही. (माझ्या गाडीत तो एक्झॉस्टच्या मागे आहे, दोनदा प्रयत्न करून सोडून दिला.) पाण्याने न धुता त्याच प्रकारचं जुनं कूलंट काढून नवं भरायचं असेल, तरी प्रीमिक्स सोपं. पातळी थोडी उतरली तर भर घालायला मीही डिकीत त्याचाच छोटा कॅन ठेवतो. पण पाण्याने धुतलेल्या सिस्टीममध्ये भरायचं असेल, तर मला विचाराल तर कॉन्सन्ट्रेटच घ्या, आणि कॅन उघडण्याआधी बादलीत किती लिटर आलं ते लिहून ठेवा.