हल्ल्यानंतर ठरलेलं काम: जायचं की पुढे ढकलायचं?

सोलापूरच्या माणसाचा एक पाय पुण्यात आणि एक हैदराबादेत असतो. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. पोरं शिकायला आणि नोकरीला पुण्यात. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांची सोयरीक, लग्नाची खरेदी, मोठा दवाखाना सगळं तिकडे तेलंगणात. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जीव गेले, त्या रात्री आमच्या गल्लीत प्रत्येक घरातून पुण्याला फोन चालले होते. तीन वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०१३ ला, संध्याकाळी सातच्या सुमारास हैदराबादच्या दिलसुखनगरला सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब थोड्याथोड्या अंतराने फुटले. तिथं १८ माणसं गेली. तो गुरुवार होता, आणि आम्हाला रविवारी हैदराबादला निघायचं होतं.

आईला काचबिंदू. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, हुसेनसागर एक्सप्रेसची तिकिटं काढलेली. समोरच्या अक्कांच्या घरचं त्याच शनिवारी जाणं होतं, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. एकाच गल्लीतली समोरासमोरची दोन घरं, एकच शहर, एका दिवसाचा फरक. आम्ही ऑपरेशन पुढे ढकललं. अक्का खरेदीला जाऊन आल्या. आज कुणी मला विचारलं की अशा वेळी काय करावं, तर मी या दोन घरांची गोष्ट सांगते. आम्ही दोघींनीही उलटं केलं.

आईनं प्रवासासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी शनिवारीच बांधून ठेवली होती. रात्री जेवताना टीव्हीवर तोच तुटका फुटपाथ, त्याच चपला पुन्हा पुन्हा दाखवत होते. मोठा भाऊ म्हणाला, “जायलाच पायजे का आत्ताच? डोळा काय पळून चाललाय?” मीही मान डोलावली. रविवारी सकाळी आईनं फडक्याची गाठ सोडली आणि भाकऱ्या मोडून दुधात भिजवल्या. काही बोलली नाही. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली. तेव्हा फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेचा घेर मोजतात त्या तपासणीचा, कागद हातात आला, त्यावर डाव्या डोळ्याच्या गोलात काळा डाग पहिल्यापेक्षा पसरलेला होता. सगळं त्या सात आठवड्यांमुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. तो दवाखाना दिलसुखनगरपासून बारा-पंधरा किलोमीटरवर, शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, हेही मी तेव्हा नकाशात बघितलं नव्हतं. सोलापुरात बसून बघताना सगळं एकच ‘हैदराबाद’ दिसत होतं.

अक्का गेल्या, सुखरूप आल्या, साड्याही चांगल्या आणल्या. पण दोन रात्री झोप नाही, बाजारात प्रत्येक बेवारस पिशवीकडे लक्ष, मुलगी हॉटेलच्या खोलीत रडलेली. त्या स्वतःच नंतर म्हणाल्या, लग्न मेमध्ये होतं, पंधरा दिवसांनी गेलो असतो तर काय बिघडलं असतं? काहीच बिघडलं नसतं.

म्हणून तुलना करताना मी शहराचं नाव बाजूला ठेवते आणि कामाकडे बघते. काम थांबलं तर काय जाईल? डायलिसिस, किमो, ठरलेलं ऑपरेशन, बाळंतपणाची तारीख, नोकरीवर रुजू व्हायचा दिवस यात थांबण्याची किंमत माणूस पुढे कितीतरी वर्षं भरत राहतो. परीक्षेचंही तसंच. बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चातच असतात. बोर्डानं पेपर पुढे ढकलल्याचं जाहीर केलं नाही तोवर पेपर आहेच असं धरून चालायचं, आणि मुलाला नेहमीपेक्षा तासभर आधी घरातून काढायचं, कारण नाकाबंदीत वेळ जातो. उलट खरेदी, फिरणं, नवीन मॉल बघणं, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, यात थांबल्यानं फार तर तिकिटाचे पैसे कापले जातात. तिथं हट्टानं जाण्यात धीटपणा वगैरे काही नाही. मन जागेवर नसताना केलेली खरेदीही धड होत नाही.

अवघड असतं ते मधलं. लग्नकार्य, बारसं, वास्तुशांत. लग्न आपलं असेल तर मुहूर्त हलत नाही, हलवूही नये. पण आपण पाहुणे असू, तर सगळ्या घरानं जायची गरज नसते. आमच्याकडे अशा वेळी घरातली एक-दोन मोठी माणसं जातात, आहेर देऊन, अक्षता टाकून त्याच दिवशी परततात, आणि नवीन जोडपं नंतर आपल्याकडे जेवायला येतं. नातंही सांभाळलं जातं, आणि लहान पोरांना घेऊन गर्दीत धावपळ होत नाही. लग्नघरची मंडळी रागावत नाहीत. मोकळेपणानं सांगायचं, “वैनी, पोरं नाही आणली, आम्ही दोघं आलो.” त्यांच्याही मनात तेच असतं.

कामाचं ठरलं, की दुसरी गोष्ट बघायची: हल्ला संपलाय का? हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं खरं, पण घाबरलेल्या घरात ते कुणी विचारत नाही. दिलसुखनगरला दोन स्फोट झाले आणि संपलं. पुढचे दिवस पोलिसांचे, तपासाचे, बंदोबस्ताचे होते. मुंबईचं २६ नोव्हेंबर २००८ चं तसं नव्हतं. बुधवारी रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला. आपल्याकडे यायला सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडणारी माणसं रात्री तिथंच जमतात. ते सगळं शनिवारी, २९ तारखेच्या सकाळी संपलं. हल्लेखोर मोकळे असतात, गोळीबार चालू असतो, तेव्हा तुलनेचा प्रश्नच नाही. ऑपरेशन असो की पेपर, त्या शहराकडे निघायचं नाही, आणि आपलं माणूस तिथं असेल तर त्याला आहे तिथंच दार लावून बसायला सांगायचं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत तासाभरात वीसच्या वर स्फोट झाले, आणि त्यातले काही जखमींना आणत होते त्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात झाले. मदतीला धावलेली माणसं त्यात गेली. त्यामुळे पहिल्या काही तासांत घटनास्थळाकडे किंवा त्या गावातल्या मोठ्या दवाखान्याकडे धावायचं नाही. रक्त द्यायचं असेल तर आपल्या इथल्या रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवावं. बोलावतील तेव्हा जावं.

आता जायचं कसं? इथं माझं आणि माझ्या भावाचं आजही जमत नाही. त्याचं म्हणणं, स्टेशनवर गर्दी असते, ट्रेनला धोका, आपली गाडी बरी. ऐकायला पटतं. पण २००१ मध्ये अमेरिकेत ११ सप्टेंबरनंतर हेच झालं. लोकांनी विमानं सोडली आणि गाड्या काढल्या. गेर्ड गिगरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं नंतर हिशेब मांडला: पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर नेहमीपेक्षा सुमारे १,६०० माणसं जास्त मेली. आपल्याकडे रस्ता अमेरिकेपेक्षा बरा आहे असं कुणी म्हणणार नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्ता अपघातात गेली. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत रात्री पुण्याला जाणारा रस्ता ज्यानं पाहिलाय, उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चाललेल्या पाहिल्यात, त्याला हे आकडे सांगावे लागत नाहीत. हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट हातात असताना ते रद्द करून, जागरण झालेल्या भावाला स्टिअरिंगवर बसवून निघणं हा सुरक्षित पर्याय नाही. मी ट्रेनच निवडते. तासभर आधी स्टेशनवर जायचं, सामान कमी, पिशव्या मोजून. बेवारस काही दिसलं तर हात न लावता लांब व्हायचं आणि १३९ वर किंवा जवळच्या पोलिसाला सांगायचं.

घरच्या घरी, म्हणजे इथंच सोलापुरात, हल्ल्याच्या बातमीनंतर काय बदलतं? स्टेशनवर, एसटी स्टँडवर, सिद्धेश्वर मंदिराकडे बंदोबस्त वाढतो. कुणी बंदची हाक दिली तर नवी पेठेतली शटरं अर्धी खाली येतात. शाळा, क्लास, माग, मंडई एरवी चालूच असतात, आणि चालूच राहावीत असं माझं ठाम मत आहे. मुलांना शाळेत पाठवायचं. घरात ठेवलं तर ती दिवसभर टीव्हीसमोर बसतात. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की त्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघणाऱ्यांना, प्रत्यक्ष तिथं असलेल्यांपेक्षाही जास्त मानसिक त्रास झाला होता. आमच्या घरात त्या शनिवारी नेमकं हेच चाललं होतं. आईच्या ऑपरेशनचा निर्णय आम्ही ती चित्रं बघत बघतच घेतला. आता आमचा नियम असा, की टीव्ही बंद करून, चहा पिऊन, कागदावर लिहून ठरवायचं.

अफवांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या गावात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी माणसं भिंतीला भिंत लावून राहतात आणि हल्ल्याच्या बातमीची झळ सगळ्यांत आधी या शेजाराला बसते. ‘आज अमुक भागात जाऊ नका’ असा निरोप मोबाइलवर येतो. पाठवणाऱ्याला कुणी पाठवला, त्याला माहीत नसतं. पोलिसांनी सांगितलं असेल तर ते जाहीर सांगतात, ध्वनिक्षेपकावरून, बातमीतून. तसं काही नसेल तर तो निरोप पुढे पाठवायचा नाही. आणि रोजच्या कामात एक काम मी मुद्दाम धरते: ज्या चाचांकडे वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवायला देते, त्यांच्याकडे त्या आठवड्यात जायचंच. २०१३ मध्ये मी गेले तेव्हा दुकानात मीच एकटी होते. चाचांनी टेप गळ्यात तशीच ठेवून आधी खुर्ची पुढे केली, मग विचारलं, “आईचं ऑपरेशन झालं का?” मी नाही म्हणाले. ते म्हणाले, “जायला पायजे होतं बेटा.” हे काम पुढे ढकललं असतं तर पैशाचं काहीच नुकसान नव्हतं. तरीही ते थांबवण्यासारखं नव्हतं.

पुढे ढकलायचंच ठरलं तर नवीन तारीख घेतल्याशिवाय जुनी सोडू नका. आमची मोठी चूक हीच झाली. आम्ही दवाखान्यात फोन करून “सध्या येत नाही” एवढंच सांगितलं, रांगेतली जागा गेली. त्याच फोनवर “सोमवार नको, गुरुवार किंवा पुढचा सोमवार द्या” म्हटलं असतं तर बहुधा आठवड्यात काम झालं असतं. खरेदी असो, पाहुणचार असो, कॅलेंडरवर नवीन दिवसाला गोल करूनच जुना खोडायचा. तारीख नसली की तीन दिवसांची भीती तीन महिने घरात राहते.

आणि जायचं ठरलं तर तयारी साधी आहे. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शिरण्याआधी आपण लेकरांना सांगतो ना, चुकामूक झाली तर अमक्या पाळण्यापाशी उभं राहायचं, तसंच. परगावी कुठं भेटायचं ते आधी ठरवून ठेवायचं, आणि ती जागा गर्दीची नको. अशा दिवशी फोन लागत नाहीत, सगळेच लावत असतात. एसएमएस बहुतेक वेळा जातो. घरी एकाच माणसाला कळवायचं आणि बाकीच्यांनी त्याला विचारायचं. नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात, म्हाताऱ्या माणसांच्या पिशवीत औषधांबरोबर. आपत्कालीन नंबर ११२.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला आम्ही पुढच्या वर्षी गेलो. निघायच्या आदल्या आठवड्यात कुठं काही झालं नव्हतं, तरी मी आईला विचारलं, काही झालंच तर काय करायचं? ती भाकरी थापत होती. डाव्या बाजूचं दिसावं म्हणून हल्ली ती मान जरा जास्त वळवते, तशी वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, “तारीख घेतलीय ना? मग जाऊ.” या वेळी फडक्याची गाठ गाडीत, वाडी स्टेशन गेल्यावर सुटली.