के-पॉपसाठी रेडिओ: काही महिने रोज ऐकल्यानंतर

"गाणी यूट्यूबवर फुकट मिळतात, मग रेडिओ कशाला लावतेस?" धाकटी बहीण सारखी विचारते. के-पॉप म्हणजे कोरियन पॉप गाण्यांसाठी गेले काही महिने मी मोबाईलवर कोरियन रेडिओ रोज ऐकतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले रात्री 10 चे कार्यक्रम आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला लागतात. त्या वेळी माझ्या टॉवेलच्या घड्या आणि गठ्ठे चालू असतात. हात गुंतलेले, कान मोकळे. तिकडे बँडमधले गायक स्वतःच निवेदक होऊन बसतात. केबीएस म्हणजे तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था; तिच्या कूल एफएमवर 2006 साली सुपर ज्युनियर या बँडच्या लीतुक आणि उनह्योक यांनी 'किस द रेडिओ' सुरू केला, तो याच धर्तीचा.

मला खरं धरून ठेवलं ते स्टुडिओतल्या लाइव्ह गाण्यांनी. नाच नाही, झगमगाट नाही, समोर फक्त माइक. ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, वरच्या सुरात आवाज किंचित खरखरतो, गाणं संपलं की बाकीचे ओरडून दाद देतात. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं घासूनपुसून काढलेलं असतं. जगभरच्या फॅन्ससाठी आता स्टुडिओत कॅमेरेही असतात आणि त्याच्या क्लिपा लगेच यूट्यूबवर येतात. तरी माझं ऐका, एकदा स्क्रीन बंद करून ऐका.

भाषेचं म्हणाल तर केबीएस वर्ल्ड रेडिओ 11 भाषांत चालतो, त्यात हिंदी नाही. मी इंग्रजीवर भागवते, बाकी कोरियनच ऐकते. तेलुगू, कन्नड, दखनी रोज कानावर पडणाऱ्या सोलापूरकराला अर्धवट कळणाऱ्या बोलण्याची भीती नसते. श्रोत्याचं पत्र वाचताना निवेदकाचा आवाज हळवा झाला, एवढं तरी कुणालाही कळतं.

अडचण निरोप पाठवण्याची. एका ॲपने खात्यासाठी कोरियन मोबाईल नंबर मागितला, तिथेच गाडी अडली. रेंज गेली की ऐन गाण्यात आवाज तुटतो, तेव्हा फार जीव जळतो.

रेडिओवर गाणं वाजणं फॅन्सना एवढं का महत्त्वाचं, हेही आता कळलं. केबीएसच्या 'म्युझिक बँक' या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात गाण्यांना गुण देतात, त्यात केबीएसवर गाणं किती वाजलं तेही धरतात. अमेरिकेत बिलबोर्ड हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत विक्री आणि स्ट्रीमिंगसोबत रेडिओही मोजला जातो. म्हणूनच बीटीएस या कोरियन बँडचे फॅन्स तिथल्या स्टेशनांना सतत फर्माईश पाठवत राहिले. 2020 मध्ये बीटीएसचं 'डायनामाइट' हे गाणं त्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं, तेव्हा मलाही घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला होता.

फर्माईश आपल्याला काही नवी नाही. विविध भारतीला पोस्टकार्डं पाठवणारी पिढी अजून घराघरात आहे. आपल्या सोलापूरच्या एखाद्या स्टेशनने आठवड्यातून एक तास के-पॉपला द्यावा, निवेदन मराठीत असावं आणि श्रोत्यांचे निरोप नावगावासकट वाचावेत. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरच्या पोरीसुद्धा फर्माईश पाठवतील, आणि पहिली माझी असेल.