डावीकडं नुसता बूट, उजवीकडं अख्खा एक्सल: वर्षभराचा अनुभव

जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली तेव्हाच तिचा उजवा सीव्ही जॉइंट बोलत होता. गिअरबॉक्सची ताकद चाकाला नेणारा दांडा म्हणजे एक्सल, आणि चाक वळलं तरी ते फिरवत ठेवणारा त्याच्या टोकाचा सांधा म्हणजे हा जॉइंट. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं फिरवून गाडी काढली की पुढच्या चाकातून कट-कट-कट, आणि वेग वाढेल तसा आवाजही भराभर. व्यवहार ठरवताना तेवढी किंमत पाडून घेतली. गाडी लिफ्टवर चढवल्यावर डावीकडं वेगळंच निघालं: बूटच्या, म्हणजे जॉइंटवरच्या घडीदार रबरी टोपणाच्या, घडीत बोटभर चीर, रिमच्या आतून ग्रीसचे शिंतोडे, पण आवाज अजिबात नाही. म्हणजे एकाच गाडीत दोन्ही इलाज करून बघायची आयती संधी. डाव्या बाजूला मूळ जॉइंट धुऊन नवा बूट आणि ग्रीस टाकलं, उजव्या बाजूला बाजारात मिळणारा तयार एक्सल. त्यानंतर एक पावसाळा, उसाचा एक हंगाम आणि एक उन्हाळा गाडी लातूर-औसा आणि तिथून पुढं शेताच्या रस्त्यानं चालली आहे.

ज्यांनी जीप किंवा अँबेसेडर वापरली त्यांना क्रॉसला, म्हणजे मागच्या चाकांकडं जाणाऱ्या लांब दांड्याच्या फुलीसारख्या सांध्याला, ग्रीसगन लावायची सवय असते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाडीत ती सोय नाही, ग्रीस भरायचं निप्पलच नसतं. इथं चाक वळतंही, वरखालीही होतं आणि गाडी ओढतंही. साधा क्रॉस तिरका फिरवला तर दर फेऱ्यात त्याचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. तो इथं लावला असता तर प्रत्येक वळणावर स्टेअरिंग हातात थरथरलं असतं. म्हणून चाकाकडं सहा छर्‍यांचा जॉइंट आणि गिअरबॉक्सकडं आत-बाहेर सरकणारा तीन रोलरचा ट्रायपॉड. छर्‍यांची ही रचना फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा यांची, १९२० च्या दशकातली. १९५९ च्या ब्रिटिश मिनीनं ती छोट्या गाडीत रुळवली, आणि आपल्याकडं १९८३ च्या मारुती ८०० पासून ती घरोघरी आली. ग्रीस एकदाच भरायचं आणि रबरी बूटनं ते आत कोंडून ठेवायचं. त्यामुळं या जॉइंटची निगा म्हणजे बूटचीच निगा, दुसरं काही नाही.

डावीकडचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. मिस्त्रीनं बूट कापला, आतलं ग्रीस बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळलं आणि माझ्यापुढं हात केला, “बघा सर, खर लागती का?” खर लागत नव्हती. हे ग्रीस मुळात काळंच असतं, त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, तेव्हा रंगाला घाबरायचं कारण नाही. उन्हात धरल्यावर चंदेरी चकाकी दिसली तर मात्र लोखंड झिजून त्यात उतरलंय. मग छर्रे धरून ठेवणारा पिंजरा तिरका करून एकेक छर्रा बाहेर काढला. ज्याच्या-त्याच्या घरात परत जावा म्हणून सगळे ओळीनं फडक्यावर मांडले. डिझेलनं धुतलं, हवा मारली, पूर्ण कोरडं झाल्यावरच नवं ग्रीस, तेही किटमधल्या पुडीत होतं तेवढंच. जास्त ठासलं तर फिरताना बूट फुगतो आणि त्याच्या तोंडावर आवळलेली पट्टी सरकते. शेवटची पट्टी आवळण्याआधी त्यानं कडेतून बारीक पेचकस घालून आतली हवा सोडली.

दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पट्टी लोखंडाचीच हवी; प्लॅस्टिकची टाय किंवा तार गुंडाळलेली चालणार नाही. आणि एक्सलचा ठोकून चिमटायचा नट नवा हवा, तोही टॉर्क पान्यानं, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्यानं, आवळलेला, कारण तो सैल राहिला तर व्हील बेअरिंगची वाट लागते. ही बाजू आजतागायत गप्प आहे.

उजवीकडं काम लवकर झालं. एक्सल उपसला की गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं, ते परत भरलं, सीलही बदललं. कट-कट त्याच दिवशी थांबली. पण ऐंशीच्या पुढं ॲक्सिलरेटर दाबला की सीटखाली बारीक थरथर येते, पाय काढला की जाते. चाकांचं बॅलन्सिंग करून पाहिलं, फरक शून्य. जोर दिल्यावर येणारी आणि सोडल्यावर जाणारी थरथर बहुधा आतल्या ट्रायपॉडची असते. बूटचं रबरही पातळ. एका उन्हाळ्यात घडीच्या तळाशी भेगा दिसायला लागल्यात. डावीकडं शेकड्यांत भागलं, इकडं हजार मोजले. तेव्हा आवाज नसलेल्या जॉइंटसाठी कोणी “अख्खाच टाकू, कटकट नको” म्हणालं तर ऐकू नका.

आपल्या भागात बूट वयानं कमी आणि रस्त्यानं जास्त मरतो. तुरीची धसकटं टायर फोडतात तशीच बूटच्या घडीतही घुसतात. उसाची पाचट एक्सलला गुंडाळून बसते. सगळ्यात वाईट काळ्या मातीचा चिखल: ओला असताना चाकाच्या आतून थापला जातो, उघडीप पडली की वाळून टणक होतो, आणि फिरणारा बूट त्यावर घासत राहतो. म्हणून रानातून आलं की चिखल ओला असतानाच आतून साध्या नळीनं पाणी मारायचं. प्रेशर गन जवळून पट्टीवर धरायची नाही, पाणी आत शिरतं. सर्व्हिसिंगच्या वेळी स्टेअरिंग एका कडेला पूर्ण फिरवून मोबाइलच्या टॉर्चनं घड्या उघडून पाहा. चीर तळाशी असते, वरून दिसत नाही. आणि बूट चार असतात, आतले दोन बघायचे राहून जातात.

आवाजाची शंका असेल तर काच खाली करून, भिंतीच्या कडेनं, पूर्ण वळवून सावकाश गाडी फिरवा. डावीकडं वळताना वाजला तर बहुतेक वेळा उजवा जॉइंट. एक्सल न काढता बसणारा, चिकटवायचा बूटही मिळतो. गावाकडून लातूरपर्यंत यायला ठीक, त्याच्यावर पावसाळा काढायला नाही.

मूळ उजवा एक्सल मी भंगारात दिलेला नाही. त्याचा दांडा आणि ट्रायपॉड चांगला आहे, गेलाय तो फक्त बाहेरचा जॉइंट, आणि तो सुटा मिळतो. आणायला जाताना जुना जॉइंट सोबत न्यावा लागतो, कारण आतले दात मोजून जुळवायचे असतात, आणि एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग जॉइंटवरच असेल तर तिचेही. थरथर वाढली की नवा जॉइंट लावून तोच परत चढवणार आहे.