ऑनलाइन थेरपी: काही महिने वापरल्यावरचा अनुभव (पॅकेज घेण्याआधी वाचा)

माझ्या पॅकेजमधले उरलेले सेशन ॲपने परवा 'एक्स्पायर' करून टाकले, म्हणून हे लिहून राहिली आहे. मुदत कुठंतरी बारीक अक्षरात होती म्हणे. चॅटवर कितीदा विचारलं, तेच कॉपी-पेस्ट उत्तर, पैसे परत नाहीच. अरे, थेरपी म्हणजे डेटा पॅक आहे का, महिना संपला की गेला? ज्याला सकाळी पलंगावरून उठवत नाही त्याचंच सेशन चुकणार ना, आणि पैसेही त्याचेच बुडणार. हे मला मुळीच पटत नाही.

आता थेरपिस्टचं. ॲपने आधी ज्या ताई दिल्या त्या प्रत्येक गोष्टीवर 'पॉझिटिव्ह राहा' एवढंच म्हणायच्या. प्रोफाइल नीट पाहिली तर एक छोटासा ऑनलाइन कोर्स. आपल्याकडे काउन्सेलर ही पाटी कोणीही लावतं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते आणि तो नंबर परिषदेच्या साइटवर तपासता येतो. आरसीआय नसलेले सगळे वाईट असं नाही, सायकॉलॉजीत एमए करून मन लावून काम करणारे असतात, पण शिक्षण काय, सुपरव्हिजन म्हणजे कामावर देखरेख कोणाची, हे सरळ विचारायचं. गोळ्या लागल्या तर सायकियाट्रिस्टकडेच जावं लागतं, ते डॉक्टर असतात.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत होती की ऑनलाइनमध्ये काही दम नाही. ते मत आता बदललं आहे. दुसऱ्या मॅडमनी पहिल्याच सेशनला विचारलं की तुम्हाला नेमकं काय बदलायला हवं. मला नागपूरच्या मेट्रोत बसलं की छातीत धडधड व्हायची, घाम फुटायचा, ऑफिस दूर मिहानमध्ये आणि रोज ऑटोचा खर्च. त्यांनी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी, समजावून सांगितलं, मनात काय येतं ते वहीत लिहायला लावलं, मग सीताबर्डीहून फक्त काँग्रेस नगरपर्यंत जाऊन परत यायचं. भीती चढते आणि उतरतेही, ती उतरेपर्यंत डब्यातच थांबायचं. मग रहाटे कॉलनी, मग अजनी, असं करत करत आता खापरीपर्यंत एकटी जाते. हे सांगताना आजही मला भरून येतं.

एक अडचण नागपूरवाल्यांसाठी, मे महिन्यात कूलरच्या आवाजात मॅडमना माझं काही ऐकू जायचं नाही आणि कूलर बंद केला की जीव जायचा, शिवाय आवाज हळू ठेवावा लागतो कारण बाजूच्या खोलीत आईबाबा. माइकवाला चांगला इअरफोन घ्या, शक्यतो सकाळची वेळ मागा.

पैसे नसतील तर सरकारचं टेलिमानस आहे, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर ॲपवर स्लॉट शोधत बसू नका, लगेच फोन करा आणि घरच्या कोणाला तरी सांगा.

मॅडमना मी आता ॲपशिवायच भेटते, एका सेशनचे पैसे एका वेळी. बुडालेल्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकली आहे, उत्तर आलं की इथंच लिहीन.