पुणे मेट्रो : मुलीला एकटीला पाठवावं का?

मेट्रोबद्दल लोक एसी, स्वच्छता, गर्दी असं बरंच लिहितात, त्यात मी नवीन काय सांगणार. हा रिव्ह्यू अकरावी-बारावीतल्या मुलींच्या आयांसाठी आहे. मुलीला एकटीला पाठवावं का? पाठवा, बिनधास्त पाठवा. पण तुम्हाला नंतर काय वाटेल तेही सांगते.

आम्ही कोथरूडचे, तिचा क्लास शिवाजीनगरला. आनंदनगरला चढायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, पुढचंच स्टेशन शिवाजीनगर. १६व्या वर्षी ५० सीसीच्या आतलीच गाडी चालवता येते, म्हणजे घरातली ॲक्टिव्हा तिला १८ पूर्ण होईपर्यंत बंद, त्यामुळे इतके दिवस क्लास असो की मैत्रिणीचा वाढदिवस, सोडायला आणि आणायला मीच.

माझी खरी धाकधूक सिव्हिल कोर्टची होती. वनाजकडून येणारी लाईन वर पुलावर आणि स्वारगेट-पिंपरीची जमिनीखाली जवळपास ३३ मीटर, त्यामुळे एक सरकता जिना उतरलं की दुसरा, मग तिसरा. पहिल्यांदा मी सोबत गेले. मी बोर्ड वाचत उभी आणि ही तोपर्यंत खाली पोचलेली, तिथून मान वर करून म्हणते, "आई, पिंपरीकडची इकडून, ये ना लवकर." आजूबाजूला एवढी माणसं पण ही जराही गोंधळलेली नाही, हातात कार्ड, पाठीला सॅक. इतकं भारी वाटलं मला, आणि तेव्हाच पोटात कालवलं पण.

कारण सोडणं-आणणं म्हणजे नुसतं सोडणं-आणणं नव्हतंच. गाडीवर मागे बसली की ती बोलायची. कोणाचं कोणाशी वाजलंय, फिजिक्सचा पेपर खरंच कसा गेला, कोण कोणाला आवडतं. सिग्नलला ब्रेक लागला की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं आणि गोष्ट तशीच पुढे चालू. घरी समोर बसवून विचारलं तर "काही नाही गं" एवढंच मिळतं. गाडीवर तोंड दिसत नसतं ना, म्हणून जमत असेल. ते आता गेलंय आणि मला त्याची फार आठवण येते, अगदी नळस्टॉपच्या ट्रॅफिकसकट.

२०२४च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत लाईन सुरू झाली तेव्हापासून मंडई स्टेशन पण आलं, म्हणजे तुळशीबाग आलीच. परवा क्लास सुटल्यावर मैत्रिणींबरोबर परस्पर जाऊन आली, घरी येऊन सांगितलं. स्वतःला कानातले, मला क्लिपा. न विचारता गेली म्हणून मी चिडले, बोलले पण. पण विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, थांब रविवारी मी येते. तिला ते माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही, आणि सगळ्या व्यवस्थित वेळेत परत आल्या हेही खरंच आहे. राग अजून थोडा आहे, क्लिप मात्र रोज लावते.

बाकी कामाचं. तिकीट १० ते ३५ रुपये, विद्यार्थी पासवर ३० टक्के सवलत, तो काढाच, रिक्षाच्या मानाने काहीच नाही. पहिल्या वेळी सोबत जा पण पुढे तिला चालू द्या, प्लॅटफॉर्म तिलाच शोधू द्या. लाईव्ह लोकेशन मी सुरुवातीला रोज लावायला सांगायचे, व्हॉट्सॲपवर ते आठ तास चालतं आणि आपण ऑफिसात बसून तो ठिपकाच बघत बसतो, काम होत नाही. आता फक्त पोचल्याचा मेसेज. आधी "आई पोचले गं, जेवलीस का" असा यायचा, मग "पोचले", हल्ली नुसता अंगठा. अंगठा आला नाही तर मात्र मी फोन करते आणि करणारच, ते तिला आवडो न आवडो.

मेट्रोला पाचपैकी पाच.