न्यूरल ॲम्प मॉडेलर आणि फुल-रेंज स्पीकर: एक परीक्षण

किनारपट्टीवर गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर) सांभाळणे किती जिकिरीचे असते, हे रत्नागिरी-मालवण पट्ट्यात वाजवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. खारी हवा व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये आणि पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या नियंत्रकाच्या) आत जाऊन बसते, पावसाळ्यात खरखर सुरू होते, विजेचा दाब वर-खाली होत राहतो आणि व्हॉल्व्ह बदलायचे म्हटले की मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसावे लागते. त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या ॲम्पचा आवाज डिजिटल स्वरूपात उतरवून घेणे आणि कार्यक्रमात तो साउंडवाल्यांच्या नेहमीच्या पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या), फुल-रेंज म्हणजे खर्जापासून तीव्र स्वरांपर्यंत सारे वाजवणाऱ्या स्पीकरमधून वाजवणे, ही आमच्याकडे चैन नव्हे, गरज आहे. या कामासाठी मी ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर वापरतो आणि ते मनापासून आवडले आहे, मात्र स्पीकरच्या बाबतीत त्याच्याकडून योग्य तेवढीच अपेक्षा ठेवावी लागते.

स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी विकसित केलेले हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे. ॲम्पची अशी छबी घेण्याची कल्पना जर्मनीच्या केम्पर कंपनीने बरीच आधी रूढ केली होती आणि टोनेक्स व क्वाड कॉर्टेक्स ही उपकरणेही त्याच वाटेवरची आहेत, परंतु त्यांच्यासाठी पैसे मोजावे लागतात. येथे सुमारे तीन मिनिटांची, 48 किलोहर्ट्झची एक ठरावीक ध्वनिफीत री-ॲम्प बॉक्समधून (रेकॉर्डिंगचा सिग्नल गिटारच्या पातळीवर आणणाऱ्या डबीतून) ॲम्पला द्यायची, ॲम्पमधून निघालेला आवाज रेकॉर्ड करायचा आणि दोन्ही फायली प्रशिक्षणासाठी द्यायच्या, एवढेच काम असते. आत काय गेले आणि बाहेर काय आले, यांतले नाते न्यूरल नेटवर्क शिकते. गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गुगलच्या संगणकांवर, हे करता येत असल्याने घरी महागडा संगणक लागत नाही. फितीच्या सुरुवातीला दोन टिचक्या ऐकू येतात. रेकॉर्डिंगला झालेला विलंब त्यांच्यावरूनच मोजला जातो, म्हणून तो भाग कापता कामा नये. शेवटी चुकीचे प्रमाण दाखवणारा एक आकडा मिळतो आणि तो 0.01 च्या खाली आला, तर कॅप्चर (ॲम्पची उतरवलेली छबी) उत्तम जमले असे समजावे.

मी फेंडर ब्लूज ज्युनिअर या 15 वॅटच्या, दोन ईएल84 व्हॉल्व्ह आणि 12 इंची स्पीकर असलेल्या ॲम्पचे कॅप्चर दोन पद्धतींनी केले. रिव्हर्ब दोन्ही वेळा शून्यावर ठेवला, कारण रिव्हर्ब किंवा डिले यांसारखे रेंगाळणारे परिणाम या पद्धतीने उतरत नाहीत. पहिल्या पद्धतीत ॲम्पच्या स्पीकरसमोर शुअर एसएम57 मायक्रोफोन ठेवला. दुसरीत स्पीकरची पिन काढून तिथे रिॲक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पचा भार झेलणारी पेटी) जोडला आणि त्याच्या लाइन आउटमधून सिग्नल घेतला. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर किंवा लोड न जोडता कधीही चालवू नये, कारण त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

खरा फरक फुल-रेंज स्पीकरवर कळतो. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो आणि विकृत आवाजातली बोचरी टोके आपोआप गाळतो. पॉवर्ड स्पीकरचा हॉर्न (तीव्र स्वर वाजवणारा भाग) मात्र तीच टोके जशीच्या तशी कानावर आणतो. त्यामुळे लोड बॉक्सवरचे कॅप्चर कॅबिनेटच्या (गिटार स्पीकरच्या पेटीच्या) इम्पल्स रिस्पॉन्सशिवाय, म्हणजे त्या पेटीच्या आवाजाची डिजिटल नोंद न जोडता लावले, तर पत्र्यावर कोसळणाऱ्या सरीसारखा चरचराट ऐकू येतो. इम्पल्स रिस्पॉन्स जोडताच तोच आवाज भरीव होतो. मायक्रोफोनने घेतलेल्या कॅप्चरमध्ये कॅबिनेट आधीच आलेले असते, म्हणून त्यावर दुसरा इम्पल्स रिस्पॉन्स लावू नये. मला लोड बॉक्सचा मार्ग अधिक पटतो, कारण कॅबिनेट नंतर बदलता येते आणि समुद्राकडची खिडकी उघडी असली तरी बाहेरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

बोटांना मिळणारा प्रतिसाद ही या सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून हलक्या हाताने वाजवले की सूर स्वच्छ राहतो आणि पिकचा जोर वाढवताच ईएल84 ची ओळखीची खरवड उमटते. मूळ ॲम्पशेजारी बसून तुलना केली, तेव्हाही मला या बाबतीत फरक काढता आला नाही. ॲम्प पाठीशी असताना पोटऱ्यांना जाणवणारा हवेचा धक्का मात्र यात नाही. कॅबिनेट मायक्रोफोनच्या कानाने ऐकलेलेच येथे ऐकू येते आणि ही मर्यादा या सॉफ्टवेअरची नसून फुल-रेंज पद्धतीचीच आहे.

घरी हेडफोनवर पक्का केलेला टोन मंडपात तसाच राहत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. आवाज वाढला की आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर अधिक भरून ऐकू येतात. मी 90 हर्ट्झच्या खाली आणि 7 किलोहर्ट्झच्या वर कात्री लावतो. अंतिम जुळवणी कार्यक्रमाइतक्याच मोठ्या आवाजात करणे भागच असते.

उणिवाही आहेत. एक कॅप्चर म्हणजे बटणांची एकच मांडणी, त्यामुळे गेन (आवाज फाटण्याचे प्रमाण) बदलायचा तर दुसरे कॅप्चर हवे. इंटरफेसची (गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाची) इनपुट पातळी कॅप्चरच्या वेळेपेक्षा वेगळी असेल, तर गेन कमी-जास्त भासतो. जुन्या लॅपटॉपवर ‘स्टँडर्ड’ प्रकारचे मॉडेल जड जाते, अशा वेळी ‘फेदर’ किंवा ‘नॅनो’ निवडता येते, पण त्यात बारकावे थोडे गळतात. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) 128 नमुन्यांवर ठेवल्यास त्यापोटी सुमारे 2.7 मिलिसेकंदांचा विलंब होतो. इंटरफेसचा विलंब त्यात मिळवला तरी मला तो वाजवताना अडत नाही.

सॉफ्टवेअर मोफत असल्याने वाचलेले पैसे चांगल्या 12 इंची पॉवर्ड स्पीकरवर खर्च करावेत, असे मी सुचवेन. ज्यांच्याकडे अजून ठणठणीत व्हॉल्व्ह ॲम्प आहे, त्यांनी पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी त्याची स्वच्छ, अर्धवट खरवडीची आणि पूर्ण गेनची अशी तीन तरी कॅप्चर करून ठेवावीत.